हाताशी असावा असा कोश

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळी जवळ आली होती. केजला माझ्याकडे एक वृद्ध शेतकरी आले. डोळ्यांच्या उपचारासाठी त्यांना काही महिने मुलीकडे जाऊन राहावयाचे होते. मागे शेताच्या मोजणीचे काम अडलेले. ते पुतण्याने पाहावे म्हणून त्यांनी एक कागद लिहवून घेतला होता. सही करण्यापूर्वी तो कोणाला तरी दाखवावा, एवढाच त्यांचा हेतू. कागदाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत शब्द होता : 'कुलमुखत्यारपत्र'.

"फादर, कुल मंजी आपलं कूळच की. घरच्या माणसाला दिलेला कागद, म्हणून कुलमुखत्यार. बरोबर हाय ना?"

क्षणभर मलाही ते बरोबर वाटले. मग मनात शंका आली आणि मी कपाटातून शब्दकोश काढला. त्यात 'कुल' हा शब्द दोनदा दिलेला होता. पहिला संस्कृतातला : वंश, घराणे. दुसरा अरबीतून आलेला : सर्व, एकूण. 'मुखत्यार' हाही मुळचा अरबीच. ज्याला निवडून अधिकार दिला तो. तेव्हा घरच्या माणसाला दिलेला तो कुलमुखत्यार नव्हे. ज्याला सर्व व्यवहारांचा अधिकार दिला तो कुलमुखत्यार. कागदाच्या आतल्या मजकुरातही तसेच लिहिले होते. जमीन विकणे, गहाण ठेवणे, पैसे स्वीकारणे, सर्व काही. आजोबांना ती बारीक अक्षरे वाचता आली नव्हती आणि माथ्यावरच्या शब्दाने त्यांची समजूत पटली होती.

पुतण्याच्या मनात काही वावगे होते असे मी म्हणत नाही. कागद लिहिणाऱ्याने नेहमीचा नमुना उतरवून दिला असेल. परंतु एका शब्दाच्या अर्थावर एका माणसाची सहा एकर जमीन त्या दिवशी टांगलेली होती, हे खरे.

तेव्हापासून एक प्रश्न मला अधिक गंभीर वाटू लागला. शाळा सुरू झाल्या की पुष्कळ पालक विचारतात, "फादर, घरात कोणता शब्दकोश घ्यावा?" पूर्वी मी दुकानात मिळेल ते नाव सांगून मोकळा होत असे. आता तसे करवत नाही. प्रत्येक कोश कोणीतरी, कोणासाठी तरी, काही कामासाठी केलेला असतो. ते काम कोणते होते हे कळले, तर तो कोश आपल्या कामाचा आहे की नाही हेही कळते. म्हणून मराठी कोशांचा थोडा इतिहास येथे सांगावा असे योजिले आहे.

राज्यासाठी आणि धर्मोपदेशासाठी

केजहून अंबाजोगाई जवळ आहे. परंपरेने शके १११० म्हणजे इ. स. ११८८ हे ज्याचे वर्ष मानले जाते तो 'विवेकसिंधु' लिहिणारे मुकुंदराज यांची समाधी तेथे आहे. दासोपंतही तेथलेच. मराठी ग्रंथरचनेचा इतका जुना प्रदेश आपल्या उशाशी आहे. परंतु मराठी कोशरचनेचा इतिहास मात्र दूर दूर घडला. त्याचे कारण पुढे येईल.

मराठी राज्याने करविलेला पहिला महत्त्वाचा कोश म्हणजे 'राज्यव्यवहारकोश'. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने, राज्याभिषेकानंतरच्या काळात तो सिद्ध झाला. रघुनाथ नारायण हणमंते यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. कारभारात रूढ झालेल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हा त्याचा हेतू, आणि अमरकोशाप्रमाणे तो पद्यात, वर्गवारीने रचलेला आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबीराचा सुमंत आणि सरनौबताचा सेनापती झाला, त्याच धोरणाचा हा विस्तार होय. यांपैकी 'सचिव' आणि 'सेनापती' हे शब्द आजही जिवंत आहेत. परंतु तहसील, जमीन, वकील, अर्ज, दस्त हे शब्द काही गेले नाहीत. राज्याने प्रतिशब्द दिले तरी कोणता शब्द ठेवायचा हे बोलणारे लोकच ठरवितात, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

त्याच्याही आधी, पश्चिम किनाऱ्यावर, वेगळ्या गरजेतून शब्दसंग्रह होऊ लागले होते. इंग्लंडातून १५७९ मध्ये गोव्यास आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, हे आपल्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने ते रोमन लिपीत छापावे लागले. स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरणही लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, फादर दियोगो रिबेरो यांनी भर घालून छापविले. याच रिबेरोंनी १६२६ च्या सुमारास कोकणी-पोर्तुगीज शब्दसंग्रह सिद्ध केला. तो मात्र हस्तलिखितच राहिला. परक्या देशातून आलेल्या धर्मगुरूला येथल्या माणसाचे ऐकता यावे आणि त्याच्याशी बोलता यावे, हा या संग्रहांचा उद्देश. ज्या भाषेत माणूस पाप कबूल करतो ती भाषा उपदेशकाला यावयासच हवी.

साहेबांसाठी

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोशाची गरज कंपनी सरकारास भासली. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथील बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी हे फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवीत. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने त्यांनी १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला. त्यातील मराठी शब्द मोडी लिपीत आहेत, कारण त्या काळचे कागदपत्र मोडीत चालत आणि कागदपत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्यांसाठीच तो कोश होता. पुढे १८२४ मध्ये व्हान्स केनेडी यांचा कोश मुंबईस निघाला. १८२९ मध्ये जगन्नाथशास्त्री क्रमवंत आदी शास्त्रीमंडळींनी केलेला 'महाराष्ट्र भाषेचा कोश' प्रसिद्ध झाला. मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच सांगणारा हा पहिला मोठा कोश. लोक त्याला शास्त्र्यांचा कोश म्हणत.

यानंतर आले मोल्सवर्थ. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हे सोळा-सतरा वर्षांचे असताना, १८१२ मध्ये, कंपनीच्या पलटणीत अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आले. थॉमस आणि जॉर्ज कँडी हे बंधू आणि मराठी पंडितांचा एक वर्ग यांच्या साहाय्याने त्यांनी मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये पुरा केला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते. प्रकृती ढासळल्याने ते मायदेशी गेले. परंतु सरकारच्या विनंतीवरून १८५१ मध्ये परत आले आणि १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती काढली. शब्दांची संख्या साठ हजारांवर गेली. लोकांनी या साहेबाला 'मोलेसर शास्त्री' ही पदवी दिली, ती उगीच नव्हे.

मोल्सवर्थचा कोश आजही उघडावा. शब्द संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी याची खूण तेथे असते. एका शब्दाच्या अनेक छटा, त्याला जोडून येणारी क्रियापदे, म्हणी, वाक्प्रचार यांची रास तेथे पडलेली असते. पुस्तकी शब्दांपुरते न थांबता बाजारातले, शेतातले, स्वयंपाकघरातले शब्द त्यांनी गोळा केले. त्यांनी पुष्कळ ऐकले, हे पानापानांवर जाणवते. १९७५ मध्ये पुण्याच्या शुभदा-सारस्वत प्रकाशनाने त्याची सुधारित पुनर्मुद्रित आवृत्ती काढली.

तरीही हा कोश कोणासाठी होता? मराठी शिकणाऱ्या इंग्रजासाठी. अर्थ इंग्रजीत, तोही दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत. सातवीतल्या मुलाने त्यात एखादा शब्द पाहिला, तर अर्थ समजण्यासाठी त्याला दुसरा कोश घ्यावा लागेल.

घरासाठी

मोठा कोश नऊशेहून अधिक पानांचा. तो कचेरीत शोभतो. विद्यार्थ्याच्या पिशवीत मावत नाही. ही अडचण ज्यांनी ओळखली त्यांचे नाव बाबा पदमनजी. १८३१ मध्ये बेळगावास जन्मलेले, १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले, आणि १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहून मराठी कादंबरीच्या आरंभी आपले नाव कोरणारे हे ग्रंथकार. त्यांनी मोल्सवर्थच्या कोशाचा संक्षेप करून १८६३ मध्ये प्रसिद्ध केला. मेजावर ठेवून रोज उघडावा असा मराठीतला कोश शोधू लागलो, तर वंशावळीच्या मुळाशी हा संक्षेप भेटतो. संक्षेप करणे सोपे वाटते, पण तसे ते नाही. साठ हजारांतले कोणते शब्द ठेवावेत आणि कोणते गाळावेत हे ठरविताना वाचकाच्या गरजेचा विचार करावा लागतो.

याच वाटेने पुढे श्रीधर गणेश वझे यांचा शाळांसाठी केलेला मराठी-इंग्रजी कोश पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून १९११ मध्ये निघाला. योगायोग असा की इंग्लंडात फाउलर बंधूंनी केलेला ऑक्सफर्डचा सुप्रसिद्ध संक्षिप्त कोशही १९११ चाच. तेथे तर मोठा ऑक्सफर्ड कोश अद्याप पुरा व्हावयाचा होता. तो १९२८ मध्ये पुरा झाला. मोठ्याची वाट न पाहता लहान कोश लोकांच्या हाती देणे आवश्यक आहे, हे दोन्हीकडे एकाच वेळी उमगले होते. १९२२ मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचा 'मराठी शब्दरत्नाकर' आला. मुलांसाठी 'आनंद' मासिक काढणारे हे आपटे. मराठी घरात मराठी अर्थ सांगणारा, एका हाताने उचलता येईल असा कोश त्यांनी दिला. विद्याधर वामन भिडे यांचा 'सरस्वती कोश' १९३० चा, प्र. न. जोशी यांचा 'आदर्श मराठी शब्दकोश' त्यानंतर चार दशकांनी आला. घरगुती कोशांची ही परंपरा अशी अखंड आहे.

एका धर्मगुरूचे उदाहरण

येथे एका धर्मगुरूची आठवण केल्यावाचून पुढे जाववत नाही. मॉन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो. जन्म १८५५, बारदेशातील आसगाव. त्यांचा कोकणी-पोर्तुगीज कोश १८९३ मध्ये मुंबईस छापला गेला आणि त्यातील कोकणी शब्द त्यांनी देवनागरीत दिले. पुढे लिस्बनला ते संस्कृतचे अध्यापक झाले. आजारपणात त्यांना दोन्ही पाय गमवावे लागले. तरीही त्यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा आणि पोर्तुगीजीत शिरलेल्या आशियाई शब्दांचा मागोवा सोडला नाही. त्यांचा दोन खंडांचा शब्दसंग्रह १९१९ ते १९२१ या वर्षांत निघाला. १९२२ मध्ये ते निवर्तले.

दालगादोंचे काम वाचताना एक गंमत लक्षात येते. गोव्यापासून इतक्या दूर, केजच्या बाजारातही आपण पोर्तुगीज शब्द बोलत असतो. चावी, बादली, पगार, घमेले, बटाटा, कोबी, पाव, लिलाव, तुरुंग. मजुराच्या डोक्यावरचे घमेले आणि पाद्रीबाबांच्या हातातला क्रूस, दोघांचीही वाट एकच. 'हा शब्द आपला, तो परका' असे भांडण कोश वाचणाऱ्याला फार काळ करता येत नाही.

मराठवाड्याची अडचण

आता मघाशी राहिलेल्या प्रश्नाकडे वळू. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांचे सहकारी यांनी 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात काढले. पुरवणी खंड १९५० मध्ये आला. डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेली ही माणसे. त्यांनी संतवाङ्मय, बखरी, ऐतिहासिक पत्रे तर चाळलीच. शिवाय कोकण, गोवे, वऱ्हाड, नागपूर, खानदेश येथल्या बोलींतील शब्द प्रांताची खूण घालून नोंदविले. मराठीतला हा सर्वांत मोठा शब्दसंसार होय.

पण हे सर्व घडत होते तेव्हा आपले केज निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेथे १८८४ मध्ये फारसीच्या जागी उर्दू ही दरबारची भाषा झाली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे पुण्या-मुंबईस कोशकार खुर्चीवर बसून शब्द लिहीत होते, तेव्हा आपले आजोबा-पणजोबा कचेरीत उर्दू आणि घरात मराठी बोलत होते. आपल्या जुन्या कागदपत्रांवर ती छाया आजही आहे. म्हणूनच 'कुल' आणि 'कूळ' यांचा घोळ आपल्याकडे अधिक होतो. हैदराबादचा १९५० चा कूळवहिवाट कायदा ज्या 'कुळा'साठी होता, तो दुसऱ्याची जमीन कसणारा. 'कुलदैवता'तला 'कुल' तो वंश. आणि 'कुलमुखत्यारा'तला 'कुल' तो सर्व. कानाला सारखे वाटणारे हे शब्द कागदावर फार वेगळे परिणाम घडवितात.

अशा शब्दांसाठी माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा १९२५ चा 'फारसी-मराठी कोश' आणि श्रीपाद जोशी यांचा उर्दू-मराठी शब्दकोश हे मोठे आधार आहेत. शब्दाचे मूळ पाहावयाचे तर कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा 'मराठी व्युत्पत्तिकोश' आहे. हे ग्रंथ प्रत्येक घरी असावेत असे मी म्हणणार नाही. परंतु ते आहेत हे ठाऊक असावे, आणि तालुक्याच्या ग्रंथालयात ते ठेवावेत असा आग्रह आपण धरावा.

कोशातला अर्थ आणि माणसाची प्रतिष्ठा

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे. जुन्या कोशकारांचे मदतनीस बहुतेक ब्राह्मण पंडित होते. त्यांची विद्वत्ता थोर होती. पण गावकुसाबाहेरच्या माणसाकडे त्या काळचा समाज ज्या दृष्टीने पाहत असे, ती दृष्टीही त्यांच्यासवे कोशात शिरली. काही जातिवाचक शब्दांपुढे आणि म्हणींपुढे वरच्यांचे मत हेच 'अर्थ' म्हणून छापलेले आढळते. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या पूर्वजांनी ते शब्द अंगावर झेललेले आहेत. घरातला मुलगा सहज पाने चाळताना तेथे पोहोचला, तर त्याला काय सांगावे?

त्याला खरे तेच सांगावे. कोश हा आरसा आहे. ज्या काळी तो धरला त्या काळचे तोंड त्यात दिसते. शब्द कसा वापरला जात होता याची नोंद आणि तो तसा वापरावा ही आज्ञा, या दोन गोष्टी भिन्न आहेत. जुना कोश फाडून टाकण्याचे कारण नाही. पण रोजच्या वापरासाठी कोश निवडताना मात्र नव्या काळाच्या विवेकाने केलेला कोश निवडावा. नव्या कोशातही अशा दोन-तीन नोंदी उघडून पाहाव्यात. कोशकार माणसाविषयी कसा बोलतो हे तेथे कळते.

मग कोणता घ्यावा?

इतिहास पाहून झाला. आता दुकानात जाऊ.

पहिला प्रश्न दिशेचा. मुलाला इंग्रजी धडा समजावयाचा असेल तर इंग्रजी-मराठी कोश हवा. मराठी शब्दाला इंग्रजी शब्द शोधावयाचा असेल तर मराठी-इंग्रजी. मराठीच नीट समजावी, पत्र नीट लिहिता यावे, कागद वाचता यावा असे वाटत असेल तर मराठी-मराठी. पुष्कळ घरांत पहिला असतो, तिसरा नसतो. इंग्रजी शाळेत मुले घालणाऱ्या कुटुंबांना माझी विनंती आहे, की तिसरा आधी घ्यावा. इंग्रजी शब्दाचा मराठी अर्थ वाचून तोच मराठी शब्द कळला नाही, तर पहिला कोश काय कामाचा?

दुसरा प्रश्न लेखनाचा. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये मान्य झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडून ते अठरा झाले. त्यापूर्वीच्या कोशांत गांव, नांव, कांहीं, केंस असे अनुस्वार दिसतील. कवि, गति, गुरु असे ऱ्हस्व शेवट दिसतील. आज आपण गाव, नाव, काही, केस, कवी, गती, गुरू असे लिहितो. जुन्या कोशाच्या पुनर्मुद्रणावर छपाईचे नवे वर्ष असले, तरी आतले लेखन जुनेच असते. म्हणून मुखपृष्ठावरच्या वर्षापेक्षा प्रस्तावनेखालचे वर्ष पाहावे. नुसते लेखन तपासण्यासाठी अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' उपयोगी आहे. तो २००१ मध्ये आला. त्यात अर्थापेक्षा शब्दाचे रूप कसे लिहावे यावर भर आहे, हे लक्षात ठेवून तो घ्यावा.

तिसरी गोष्ट नोंदीची. चांगल्या नोंदीत चार गोष्टी असतात : शब्दाची जात आणि लिंग, तो आला कोठून, त्याचे अर्थ क्रमाने, आणि निदान एखादे वाक्य किंवा वाक्प्रचार. ज्या कोशात शब्दापुढे नुसते तीन पर्यायी शब्द मांडलेले असतात, तो स्वस्त असला तरी महाग पडतो. 'कृपा म्हणजे दया, दया म्हणजे कृपा' असे सांगणारा कोश वाचकाला जागच्या जागी फिरवितो.

चौथी गोष्ट क्रमाची. मराठी वाक्यात शब्द आपले मूळ रूप बदलतो. 'विहिरीत' शोधून सापडणार नाही, 'विहीर' शोधावे लागते. 'पावसात' नव्हे, 'पाऊस'. 'घोड्याला' नव्हे, 'घोडा'. क्ष आणि ज्ञ कोठे ठेवले आहेत, अनुस्वाराचे शब्द आधी की नंतर, हे कोशागणिक बदलते. प्रस्तावनेतले ते एक पान मुलांबरोबर बसून वाचावे. कोश वापरता न येणाऱ्या घरात कोश असणे आणि नसणे सारखेच.

पाचवी कसोटी माझी स्वतःची. दुकानात जाण्यापूर्वी घरी दहा शब्द कागदावर लिहून न्यावेत. शेतातले : तिफण, रास, कडबा. ऊसतोडीस जाणाऱ्यांच्या तोंडचे : उचल, मुकादम. कचेरीतले : इसार, फेरफार, कुल. आणि अंतःकरणातले : कृपा, श्रद्धा. दहापैकी आठ शब्दांचे समाधानकारक अर्थ ज्या कोशात सापडतील, तो आपला. 'उचल' म्हणजे नुसती उचलण्याची क्रिया नव्हे, हे आपल्या तालुक्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. हंगामापूर्वी घेतलेल्या त्या पैशांवर त्याच्या आईबापाचे सहा महिने बांधलेले असतात. ज्या कोशाला हा अर्थ ठाऊक नाही, त्याला आपण ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, आता भ्रमणध्वनीवर सर्व मिळते. मिळते, यात शंका नाही. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ, वझे आणि दाते-कर्वे हे कोश विनामूल्य पाहता येतात. पूर्वी जे पुणे-मुंबईच्या ग्रंथालयांत जाऊन पाहावे लागे ते आज केजच्या बसस्थानकावर पाहता येते, ही मोठीच कृपा. परंतु तेथेही कोश तेच जुने आहेत आणि त्यांचे लेखनही जुने. शिवाय पुस्तकात एक शब्द शोधताना शेजारचे चार शब्द डोळ्यांखालून जातात. त्या दिवशी एक 'कुल' शोधताना दुसरा 'कुल' मला शेजारी भेटला नसता, तर मीही पहिल्यावरच थांबलो असतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. आनंदाची गोष्ट आहे. परंतु भाषेचा दर्जा ती घराघरांत किती समजते यावरही ठरतो. आपल्या घरी सणाला नवे कपडे येतात, नवी भांडी येतात. एखाद्या वर्षी एक कोश यावा. तो उंच फडताळावर नको. मुले अभ्यासास बसतात तेथे, हाताशी असावा. पाने दुमडली, कोपरे मळले तर रागवू नये.

आजोबांचे काय झाले ते सांगून थांबतो. त्यांनी त्या कागदावर सही केली नाही. पुतण्याला बोलावून घेतले, दोघे मिळून वकिलाकडे गेले आणि मोजणीच्या कामापुरताच अधिकार देणारा दुसरा कागद करून आले. घरात भांडण झाले नाही. मुलीकडे निघण्याच्या आदल्या दिवशी ते निरोप घेण्यास आले, तेव्हा कपाटाकडे बोट दाखवून म्हणाले, "फादर, त्या बुकाचं नाव मला एका कागदावर लिहून द्या. नात सातवीला हाय माझी."

मी नाव लिहून दिले. खाली दहा शब्दही लिहून दिले.